‘बी.पी. आहे’ : एका लघुरूपाचा अर्थविचार

— टी. वाय. बी. ए. (मराठी)

गेल्या वैशाखातली गोष्ट. सुटीसाठी आम्ही सारे गावी गेलो होतो. दुपारची जेवणे आटोपून माजघरात निजानीज झाली होती. आजी पाणी पिण्यासाठी म्हणून उठली आणि उंबऱ्यापाशीच मटकन खाली बसली. ‘घेरी आली गं,’ एवढेच ती म्हणाली. आरडाओरड ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी आजीच्या कपाळावर हात ठेवला आणि आईला विचारले, ‘वहिनी, आजींना बी.पी. आहे ना?’

‘हो, आहे ना! गोळी चालू आहे,’ आई म्हणाली.

‘मग घाबरू नका. आमच्या अण्णांनाही बी.पी. आहे. त्यांना असं झालं की आम्ही लगेच मीठसाखरेचं पाणी देतो. दहा मिनिटांत तरतरी येते.’

झाले! तांब्याभर लिंबाचे सरबत झाले. त्यात मिठाच्या दोन चिमटी अधिकच पडल्या. आजीने ते घोट घोट प्याले. तरतरी काही येईना. यात अर्धा तास गेला. मग काकांनी मोटारसायकल काढली आणि डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी आजीच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा सांगितला : वरचा १९०, खालचा ११०. सरबताची हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अहो, अण्णांना लो बी.पी. आहे, आजींना हाय बी.पी. आहे. एक तळघरात आणि एक माडीवर! दोघांना एकच उपाय कसा चालेल?’ मागाहून उलगडा झाला की, आजीने आठ दिवस गोळीच घेतली नव्हती. त्या दोन चिमटी मिठाने फार काही बिघडले नसावे, बिघडले ते गोळी सुटल्याने आणि वाया गेलेल्या अर्ध्या तासाने, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आजी सुदैवाने सावरली.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आई खरे बोलली होती. काकूही खरेच बोलल्या होत्या. दोघींनी एकच शब्द वापरला होता आणि दोघींचा अर्थ परस्परविरुद्ध होता. भाषेची विद्यार्थिनी म्हणून शब्दशक्तींची टिपणे मी पाठ करते, आणि घरातल्या उंबऱ्यावर एका शब्दाने केलेला घात मला दिसू नये! तेव्हापासून या दोन अक्षरांचा मागोवा घेण्याचा नादच लागला. त्याचे फलित वाचकांपुढे ठेवीत आहे. वैद्यकाच्या प्रांतात कला शाखेच्या विद्यार्थिनीने पाऊल टाकणे हा आगाऊपणा वाटेल, पण येथे विचार करावयाचा आहे तो शब्दाचा. आणि शब्द हा तर आपलाच प्रांत आहे.

१. नजरेचे लघुरूप आणि जिभेचे लघुरूप

लघुरूपे मराठीला नवी नाहीत. जुन्या पत्रांत ‘चि.’, ‘ती.’, ‘वि. वि.’, ‘मु. पो.’, ‘ता. क.’ यांची रेलचेल असे. परंतु ही लघुरूपे लिहिणाऱ्याच्या हाताला विसावा देण्यासाठी होती. वाचणारा ती उलगडूनच वाची. ‘ता. क.’ दिसले की तोंडातून ‘ताजा कलम’ येई, ‘मु. पो.’ दिसले की ‘मुक्काम पोस्ट’. शब्द कागदावर आखडत, पण जिभेवर पुन्हा ऐसपैस होत. यांना मी नजरेची लघुरूपे म्हणते.

इंग्रजीच्या वाटेने आलेली लघुरूपे निराळ्या जातीची आहेत. ती अक्षरांनीच उच्चारली जातात. आपल्याच महाविद्यालयात पाहा : टी. वाय., जी. एस., एन. सी. सी., एन. एस. एस. ही जिभेची लघुरूपे. त्यांचा मूळ शब्द ठाऊक नसला तरी व्यवहार अडत नाही. आजीला मी विचारले, ‘बी.पी. म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘बी.पी. म्हणजे बी.पी.! डोकं दुखतं, चक्कर येते, गोळी घ्यावी लागते, तो.’ ‘ब्लड प्रेशर’ हे शब्द तिच्या कानावरून गेले असतील नसतील. तिच्या दृष्टीने ‘बी.पी.’ हा ‘ताप’ किंवा ‘खोकला’ यांसारखा पूर्ण शब्द आहे. त्याच्या आत आणखी काही दडले आहे याची तिला गरजच वाटत नाही.

या शब्दाला अजून पक्के लिंगही लाभलेले नाही. आमच्या घरात ‘बी.पी. वाढला’, काकूंच्या घरात ‘बी.पी. वाढलं’. वसतिगृहातील एक मैत्रीण तर ‘बी.पी. वाढली’ म्हणते. ‘रक्तदाब’ पुल्लिंगी, म्हणून पहिले रूप आले असावे, आणि ‘प्रेशर’ नपुंसकलिंगी, म्हणून दुसरे. तिसऱ्याचा उगम मात्र मला सापडला नाही. परका पाहुणा घरात रुळला, पण पंगतीत कोणत्या रांगेत बसवावा हे अद्याप ठरले नाही, अशी ही अवस्था आहे.

२. मोजमापाचा झाला आजार

मुळात बी.पी. हे एका मोजमापाचे नाव. रक्त वाहताना धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, तो रक्तदाब. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त तीत आठ फुटांहून अधिक वर चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते. पुढे १८९६ मध्ये इटलीतील शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर दाब मोजण्याची युक्ती काढली. १९०५ मध्ये रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथस्कोप लावून येणारे आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब. आवाज नाहीसा होतो तो खालचा आकडा, म्हणजे हृदय सैलावतानाचा दाब. आज पाऱ्याची जागा पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली आहे, तरी दाब मोजतात तो पाऱ्याच्या मिलिमीटरांतच.

म्हणजे बी.पी. प्रत्येक जिवंत माणसाला असतो. नसेल तर माणूस नाही! तरीही डॉक्टर तपासून म्हणतात, ‘काळजी नको, तुम्हांला बी.पी. नाही,’ आणि रुग्ण आनंदाने घरी जातो. वाच्यार्थाने पाहिले तर हे वाक्य मृत्यूचा दाखला ठरावे. ‘बी.पी. आहे’ याचा अर्थ ‘बी.पी. प्रमाणाबाहेर आहे’ असा आपण लक्षणेने घेतो.

हे मराठीला परके नाही, उलट अगदी अंगवळणी पडलेले आहे. डोके सर्वांनाच असते, पण ‘त्याला डोकं आहे’ म्हटले की तो हुशार आहे असे आपण समजतो. गळा सर्वांनाच असतो, पण ‘तिला गळा आहे’ म्हणजे ती चांगली गाते. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ यात तराजू कोठेच नाही. जी वस्तू सर्वांपाशी असते, ती एखाद्यापाशी ‘आहे’ असे मुद्दाम म्हटले की तिचा विशेषपणा सूचित होतो. ‘शुगर आहे’ आणि ‘बी.पी. आहे’ ही वाक्ये याच साच्यातून निघाली. बी.पी. इंग्रजी असेल, पण ‘बी.पी. आहे’ हे वाक्य अस्सल मराठी आहे!

परंतु येथेच मेख आहे. ‘डोकं आहे’ यात विशेषपणाची दिशा ठरलेली असते. बी.पी.चे तसे नाही. बहुतेक वेळा ‘बी.पी. आहे’ म्हणजे उच्च रक्तदाब, पण ज्या घरात रक्तदाब खाली जाणारा माणूस आहे, त्या घरात त्याच वाक्याचा अर्थ उलटा होतो. ‘हाय’ आणि ‘लो’ ही जी दोन विशेषणे खरी महत्त्वाची, तीच बोलण्याच्या ओघात गळून पडतात. उरते ते नाव, आणि त्या नावावर उपाय केला जातो. आमच्या उंबऱ्यावर झाले ते हेच.

आणखी एक गंमत. कितीला ‘बी.पी. आहे’ म्हणावयाचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० वा अधिक, किंवा खालचा ९० वा अधिक आला तर तो उच्च रक्तदाब. आपल्याकडेही सामान्यतः हीच मर्यादा मानतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मात्र २०१७ साली ही रेषा १३०/८० वर आणली. म्हणजे १३४/८४ असा दाब असलेला गृहस्थ तिकडे विमानातून उतरताच ‘बी.पी. असलेला’ होतो आणि परत येताच बरा होतो! माणूस तोच, आकडा तोच, शब्दाचा अर्थ तेवढा बदलला.

३. रागाचा बी.पी.

‘माझा बी.पी. वाढवू नकोस,’ असे आमचे बाबा माझ्या भावाला दिवसातून एकदा तरी सुनावतात. येथे बी.पी. म्हणजे राग. परीक्षेचा निकाल लागण्याच्या दिवशी आम्हां साऱ्यांचा ‘बी.पी. हाय’ असतो, तेथे तो म्हणजे धाकधूक. लक्षणेचा हा पुढचा मुक्काम झाला. राग आला की रक्तदाब थोडा वेळ वाढतो हे खरे, म्हणून ही वाटचाल समजण्यासारखी आहे.

पण या अर्थाने एक मोठी गैरसमजूत जन्माला घातली आहे. बी.पी. म्हणजे राग आणि टेन्शन असे एकदा मनात बसले की शांत स्वभावाचा माणूस म्हणतो, ‘मला कसलं टेन्शन आहे? मला कशाला होईल बी.पी.?’ उच्च रक्तदाबाला इंग्रजीत ‘हायपरटेन्शन’ म्हणतात, त्याने तर या समजुतीला बळकटीच येते. त्या शब्दातील ‘टेन्शन’ हा रक्तवाहिन्यांतला ताण आहे, मनातला नव्हे. आपण मराठीत ‘टेन्शन’ घेतले ते फक्त मनाचे, आणि मग उलट दिशेने तोच अर्थ आजाराच्या नावावर लादला.

वास्तविक उच्च रक्तदाब हा बहुधा मुका आजार आहे. कित्येकांना त्याची काहीच लक्षणे जाणवत नाहीत, आणि तो आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड व डोळे यांची झीज करीत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतील जवळजवळ ४६ टक्के लोकांना त्याचा पत्ताच नाही. भारतातही नोव्हेंबर २०१७ पासून महाराष्ट्रासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा विशेष उपक्रम सुरू झाला. जो राग दिसतो तो बी.पी. नव्हे, आणि जो बी.पी. आहे तो दिसत नाही, असा हा पेच आहे.

आजीने गोळी का सोडली होती? मी नंतर तिला विचारले. ती म्हणाली, ‘अगं, मागच्या खेपेला डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा म्हणाले बी.पी. नॉर्मल आहे. बी.पी. गेला, मग गोळी कशाला?’ ताप येतो आणि जातो, खोकला येतो आणि जातो. भाषेने बी.पी.ला त्यांच्याच ओळीत बसवल्यावर तोही ‘जाणारच’. तो गेला नव्हता, गोळीने धरून ठेवला होता. गोळी सुटली, तो मोकळा झाला. या साध्या गोष्टीसाठी आजीच्या शब्दकोशात वाक्यच नव्हते.

४. इतर बी.पी.

हीच दोन अक्षरे इतरत्र कोणकोणती सोंगे घेतात ते आता पाहू.

औषधांच्या बाटल्यांवर आणि पाकिटांवर नावापुढे ‘आय.पी.’, ‘बी.पी.’ किंवा ‘यू.एस.पी.’ अशी अक्षरे छापलेली असतात. येथे बी.पी. म्हणजे ‘ब्रिटिश फार्माकोपिया’. औषधांची शुद्धता व कस कसा असावा याचे निकष सांगणारा हा ग्रंथ प्रथम १८६४ साली निघाला. स्वतंत्र भारताचा असा ग्रंथ, म्हणजे ‘इंडियन फार्माकोपिया’, १९५५ साली निघाला. त्याचे लघुरूप आय.पी. औषध ज्या ग्रंथाच्या निकषांप्रमाणे बनवलेले, त्याची अक्षरे नावापुढे येतात. रक्तदाबाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. आमच्या आत्याच्या कपाटात ग्लिसरीनची एक जुनी बाटली आहे. नुकताच इंग्रजी अक्षरे जुळवू लागलेला माझा आतेभाऊ ती घेऊन धावत आला, ‘आजी, तुझं बी.पी.चं औषध सापडलं!’ आम्ही पोट धरून हसलो. पण हीच अक्षरे एखाद्या भलत्याच गोळ्यांच्या पाकिटावर असती आणि वाचणारे माणूस घरात एकटे असते, तर?

माझे मामा शाळेत स्काउटमास्तर होते. त्यांच्या तोंडी बी.पी. म्हणजे स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर त्यांनी मुलांचे पहिले शिबिर भरवले. स्काउटांना ‘बी.पी.चे सहा व्यायाम’ शिकवतात. मामांनी या व्यायामांचा विषय काढताच आजीने कान टवकारले : ‘बी.पी.चे व्यायाम? मग मला आधी का नाही सांगितलेत?’

इतिहासाच्या वर्गात गेले तर आणखी निराळाच बी.पी. भेटतो. पुरातत्त्वज्ञ कोळशाच्या वा हाडाच्या तुकड्याचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात आणि ‘अमुक वर्षे बी.पी.’ असे लिहितात. येथे बी.पी. म्हणजे ‘बिफोर प्रेझेंट’, वर्तमानापूर्वी. आणि हे वर्तमान कायमचे १९५० या सालावर थांबवून ठेवले आहे! रसायनशास्त्रात बी.पी. म्हणजे उत्कलनबिंदू. रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’ (२०१३) या मराठी चित्रपटाने तर या आद्याक्षरांवर असा श्लेष साधला की, त्याचा उलगडा येथे न केलेलाच बरा. असो.

यांपैकी पुरातत्त्वातला किंवा रसायनातला बी.पी. कोणाला फसवीत नाही. तेथे संदर्भ भोवती भिंतीसारखा उभा असतो. फसगत होते ती एकाच अंगणात दोन अर्थ नांदतात तेथे. औषधावरचा बी.पी. आणि आजाराचा बी.पी., हाय बी.पी. आणि लो बी.पी., रागाचा बी.पी. आणि धमनीतला बी.पी. या जोड्या एकाच घरात, एकाच फळीवर, एकाच तोंडी असतात. म्हणून त्याच घातक.

५. जाणत्यांचीही फसगत

हे सारे अडाणीपणामुळे होते असे कोणी म्हणेल. तसे नाही. जर्मनीत डॉक्टर रक्तदाब लिहिताना पुष्कळदा ‘आर.आर.’ लिहितात. ती रिवा-रोच्ची यांची आद्याक्षरे. इंग्रजी वळणाच्या रुग्णालयात मात्र ‘आर.आर.’ म्हणजे श्वसनाचा वेग. एकाचा रक्तदाब तो दुसऱ्याचा श्वास! ‘ओ.डी.’ ही अक्षरे एका चिठ्ठीत ‘दिवसातून एकदा’ सांगतात, तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत लॅटिनप्रमाणे ‘उजवा डोळा’. ‘एम.एस.’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट, या घोळामुळे अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली ‘वापरू नयेत’ अशा लघुरूपांची यादी केली, तीत हेही घातले. तज्ज्ञांनाच जर आपल्या लघुरूपांची यादी करून त्यांना दारे बंद करावी लागली, तर काकूंना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

६. उपसंहार

लघुरूपे टाकून द्यावीत असे मला म्हणावयाचे नाही. ‘बी.पी.’ आता मराठी झाला आहे आणि तो कोणाच्या फर्मानाने जाणार नाही. ‘रक्तदाब’ हा सुरेख शब्द आपल्यापाशी आहे, पण ‘रक्तदाब आहे’ असे म्हटल्याने तरी अडचण कोठे सुटते? तेथेही दिशा गुलदस्त्यातच राहते. माझे मागणे एवढेच की, या शब्दापुढे प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. कोणी म्हणाले, ‘बी.पी. आहे,’ तर लगेच विचारावे : चढतो की उतरतो? वरचा किती, खालचा किती? कधी मोजला? गोळी कोणती, आणि ती आज घेतली का? भाषेने जे गाळले ते भरून काढण्याचे एवढेच साधन आहे, आणि ते आपल्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींच्या हाती आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरी एखादी आजी आहे, आणि तिच्या वतीने डॉक्टरांशी बोलणारे आपणच असतो.

सुटी संपवून निघण्यापूर्वी मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘आजीचा रक्तदाब वाढतो. गोळी रोज सकाळी. आकडा चांगला आला तरी गोळी बंद करायची नाही. चक्कर आली तर आधी डॉक्टर.’ खाली गोळीचे पूर्ण नाव आणि मोजलेले आकडे लिहिण्यासाठी रकाने आखले. पुठ्ठा देवघराशेजारच्या खुंटीला टांगला. काकू वाचून म्हणाल्या, ‘आमच्या अण्णांसाठीही एक लिहून दे बाई. पण त्यात उतरतो असं लिही हो!’

मी लिहून दिला. दोन्ही पुठ्ठ्यांवर ‘बी.पी.’ ही अक्षरे कोठेही नाहीत. परवा आजीचा फोन आला होता. ‘वरचा एकशे छत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी,’ ती पाढे म्हटल्यासारखी म्हणाली, आणि मग थांबून : ‘आणि गोळी घेतली गं, चालूच आहे.’